सहाशे जादा

"आजी, दिवसभरात काम काय काय करता?" ब्रिटनीनं विचारलं, आणि सरोजिनीबाईंनी तोंड उघडायच्या आत विनिताच बोलून गेली, "काही नाही. बसून असतात."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. सासूच्या वतीनं उत्तर द्यायची ही तिची पहिलीच वेळ. एरवी या घरात उत्तरं द्यायचं काम सासूबाईंचं, विनिताचीसुद्धा. डॉक्टरनं विनिताला विचारावं, कुठं दुखतंय, आणि सासूबाईंनी सांगावं, कुठं काही नाही हो, जरा हळवी आहे इतकंच. आता गुडघे बदलायचे होते, आणि आधी वजन उतरवा मग ऑपरेशनचं बघू, असं हाडांच्या डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून नायगाव स्टेशनजवळच्या या दवाखान्यात, आहाराचं बघणाऱ्या या पोरीपुढं, त्यांना आणून बसवलं होतं. ब्रिटनीनं वजन घेतलं, उंची घेतली, वय विचारलं आणि कॉम्प्युटरवर एक आकडा काढला. माणूस नुसता पडून राहिला, श्वास घेत राहिला, तरी त्याला एवढं लागतंच, म्हणाली. मग त्याला कामानं गुणायचं. बसून असणाऱ्याला थोडं, उभं राहून राबणाऱ्याला जास्त, ओझी वाहणाऱ्याला त्याहून जास्त. "बसून कशी?" सासूबाई फणकारल्या. "सगळं घर मी बघते." "बघतात ना," विनिता म्हणाली, "बसून बघतात." ब्रिटनीला हसू आलं. "चौदाशे कॅलरी होतात आंटी. वजन उतरवायचंय म्हणून आपण बाराशे देऊ. पण बाराशेच्या खाली नाय जायचं हां. चक्कर येईल, अंगातली ताकद जाईल, आणि या वयात गेलेली ताकद परत नाय येत." विनितानं मान डोलावली. तिचं लक्ष पडद्यावरच्या तक्त्याच्या खालच्या ओळीवर होतं. "हे खाली काय आहे?" "ते फीडिंग मदरचं. आजींना काय करायचंय त्याचं?" "माझी मुलगी आलीय बाळंतपणाला." "अरे वा, मग लक्षात ठेवा. बाळाला अंगावर पाजते तोवर तिला रोजच्या खाण्यावर सहाशे जादा पाहिजेत. नायतर दूध कुठून येणार? हवेतून?"

ब्रिटनी पुढं पुष्कळ बोलली. पालेभाज्या, ताक, पाणी. विनिताला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कुणीतरी फाडकन तोंडात मारावी तसं झालं होतं. सहाशे जादा. म्हणजे असा आकडा होता. कुठंतरी लिहिलेला होता, शहाण्यासुरत्या माणसांनी मोजूनमापून काढलेला होता, आणि ती चोवीस वर्षं समजत होती, की आपल्याच अंगात खोट होती. बाहेर रिक्षात बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीला सांगायला हवं होतंस, मला वरणात तूप लागतं." विनिता रस्त्याकडं बघत राहिली. नवे टॉवर, त्यांच्यामध्ये उरलेली खाडीकडची ओसाड जमीन, आणि पुढं जूचंद्रकडं वळणारा फाटा. त्या फाट्याकडं तिनं इतक्या वर्षांत कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

जूचंद्रला तेव्हा दोन खोल्या होत्या, वरच्या मजल्यावर, आणि नळ खाली. सासरे रामचंद्रराव आणि नवरा सुजय, दोघंही वालीवला कारखान्यात. डबे घेऊन सकाळीच जायचे. घरात कमी काही नव्हतं, हे आधी सांगायला हवं. गरिबी असती तर विनितानं केव्हाच सोडून दिलं असतं. गरिबीवर राग धरून कोण बसतं? डबे भरलेले असायचे. पण पिठाचा डबा सासूबाईंच्या खाटेखाली. रोज त्या स्वतः फुलपात्रानं मापून पीठ काढून द्यायच्या, विनितानं कणीक मळली की स्वतः येऊन उंडे करायच्या, आणि मग विनितानं लाटायचं, भाजायचं. सासऱ्यांचे उंडे, सुजयचे उंडे, सासूबाईंचे, सगळे लिंबाएवढे, गोल, एकसारखे. आणि शेवटी परातीच्या कडेला चिकटलेलं, बोटांचं खरवडलेलं जे उरेल त्याची चानकी. घरोघर ती तळहाताएवढी पोळी तूपसाखर लावून पोराबाळांच्या हातात देतात. या घरात ती सुनेची. "घरात तर असतेस," सासूबाई म्हणायच्या, रागानं नव्हे बरं का, अगदी मऊ आवाजात. "चानकी पुरे." घरात असायची ती! खालून हंडे भरून आणायची, चार माणसांची धुणी बडवायची, आणि पोटाशी दीड महिन्याची अनुष्का. कराडहून तिच्या आईनं डिंकाचे लाडू पाठवले होते. ते कपाटावर गेले. उष्ण पडतात, बेताबेतानं देईन, म्हणाल्या. आणि आल्यागेल्यापुढं बशीत ठेवले. विनिताला एवढी भूक लागायची, की अनुष्काला पाजताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की ती गुळाच्या ढेपेचा तुकडा मोडून मोरीत जाऊन खायची, नळ सोडून, म्हणजे चावण्याचा आवाज नको. कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, की पदवी घेतलेली, नोकरी केलेली मुलगी मोरीत उभी राहून गूळ खाईल. मागायचं मात्र नाही. ते तिनं ठरवलं होतं. भूक लागली म्हणून या बाईपुढं हात पसरायचा नाही. तिसऱ्या महिन्यात दूध आटलं.

आणि मग सुरू झालं. "अशी कशी गं तू? आमच्यात कुणाला असं झालं नाही." डब्याचं दूध आलं, बाटल्या आल्या, आणि बाटलीनं पाजायला सासूबाई मांडी घालून बसल्या. "डब्यावर वाढवली मी हिला." हे वाक्य विनितानं किती वेळा ऐकलं असेल! पहिल्या वाढदिवसाला ऐकलं, शाळेच्या दाखल्याला ऐकलं. पोरीला जरा सर्दी झाली की ऐकलं, आईचं दूध नाही ना अंगात. आणि गेल्या वर्षी अनुष्काच्या लग्नात, भर हॉलमध्ये, व्याह्यांकडच्या बायकांत खुर्ची टाकून बसल्या असताना सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "हिच्या आईला दूधच नव्हतं हो." विनिता तिथंच होती, पेढ्यांचं तबक हातात घेऊन. तीही हसली. त्या हसण्याची आठवण झाली की अजून तिचे कान तापत.

रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी थांबली तेव्हा तिचा हिशोब झाला होता. चौदाशेतून सहाशे गेले, आठशे राहिले. ब्रिटनीचे बाराशे ब्रिटनीपाशी.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. म्हणतात, पण ते सुनेचे दिवस कुठली सून खऱ्या अर्थानं भोगते? तोवर तिचीच कंबर धरलेली असते, आणि सासू म्हातारी, केविलवाणी झालेली असते. मारायला उचललेला हात तसाच खाली येतो. विनितानं तो खाली येऊ दिला नाही. तिनं वजनाचा काटा आणला. फोनवर जिन्नस घातला की आकडा येतो, ते शिकून घेतलं. पोळी इतकी पातळ लाटायला लागली, की हात खाली धरला तर रेषा दिसाव्यात. वरणाचं वरचं पाणी त्यांना, खालचा गोळा बाकीच्यांना. फोडणीचं तेल बोटानं. "डॉक्टरांनी सांगितलंय, आई," ती म्हणायची, अगदी मऊ आवाजात, आणि तो आवाज आपण कुठून उचलला हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला काय हवं होतं? म्हातारीनं मरावं, असं नव्हे. शप्पथ, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. तिला एकच वाक्य ऐकायचं होतं. या बाईनं ताटावरून मान वर करावी आणि म्हणावं, विनिता, अजून एक वाढ. बस. एवढ्यासाठी ती रोज ताट वाढून समोर उभी राहायची. सासूबाई जेवायच्या. पूर्वी भराभर जेवायच्या, आता एकेक घास घोळवून, चावून चावून, वाटी बोटानं पुसून. आणि पाणी पिऊन उठायच्या. मान वर नाही, शब्द नाही.

अनुष्का बाळंत झाली, मुलगा झाला, आणि विनिताच्या स्वयंपाकघराला अंगात आल्यासारखं झालं. आहळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखशीची भाजी, मऊ भातावर तुपाची धार. एका ताटातले सहाशे उचलले आणि दुसऱ्या ताटात घातले. जगात एवढा सरळ न्याय दुसरा कुठला झाला असेल? समोरासमोर दोन ताटं वाढताना तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं. अनुष्का एकदा म्हणाली, "मम्मी, आजीला किती कमी देतेस गं. बघवत नाही." "मग बघू नको," विनिता म्हणाली. "तू तुझं जेव." सुजयनं आईला काट्यावर उभं केलं आणि टाळी वाजवली. "अरे वा, आई! उतरलं की!" आणि रात्री पांघरुणाची घडी उलगडता उलगडता बायकोला म्हणाला, "तुझ्यासारखी सून शोधून सापडायची नाही." विनितानं दिवा घालवला. एकदा सासूबाई न्हाणीतून येताना भिंतीला धरून थांबल्या, डोळे मिटून. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. विनितानं ते ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. धावत जाऊन तिनं त्यांना बसवलं, साखरपाणी दिलं, पंखा मोठा केला. चक्कर येईल, हे ब्रिटनीनं सांगितलेलं तिला आठवत होतं, शब्द न् शब्द. दुसऱ्या दिवशी तिनं काटा काढला आणि पुन्हा तेवढंच मोजलं. एवढं झालं तरी मागत नाही म्हणजे काय!

शकू जूचंद्रहून यायची, बाळ-बाळंतिणीच्या मालीशला. पोटऱ्या चोळता चोळता एक दिवस विनिताला म्हणाली, "बाय, पोरीला नीट खायला घालतेस ना?" विनिता चमकली. "म्हणजे काय? विचार तिला." "खाते म्हनतेस, तर जातं कुठं? पोट खपाटीला गेलंय. पोराचं पोट भरत नाय, बघ कसा चोखून चोखून रडतो. पानी पन कमी पिते ही." विनिताच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हिशोब तिनं केला होता. रोज केला होता. एवढं सगळं घालते, तर जातं कुठं? का हे आपल्याकडूनच आलंय, रक्तातून, तीच खोट, आणि सासूबाई उद्या पुन्हा म्हणणार, हिच्या आईलाही नव्हतं? त्या दिवशी तिनं खिरीत तूप आणखी घातलं, लाडू आणखी मोठे वळले. अनुष्का ताट आत नेऊन जेवत होती, बाळाजवळ. रिकामं ताट बाहेर येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजीला खाली उतरली आणि फाटकापर्यंत गेल्यावर पिशवी विसरली म्हणून परत आली. दार नुसतंच लोटलेलं होतं. गॅलरीत सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, तोंड खाडीकडं, पाठ घराकडं. खांदे हलत होते. रडतात की काय, असं वाटून विनिता पुढं झाली, आणि तिला चावण्याचा आवाज आला. पदराखाली लाडू होता. अर्धा संपलेला, अर्धा मुठीत, आणि खाली पदरावर सांडलेले खारकेचे तुकडे ओल्या बोटानं टिपून टिपून तोंडात घालत होत्या. विनिताला मोरी आठवली. नळाचं पाणी पडतंय आणि गूळ दातांना चिकटलाय.

"कुणी दिला?"

सासूबाई दचकल्या नाहीत. घास गिळला. "अनूनं. रोज देते. लाडू देते, पोळीवर पोळी घडी घालून आणते, खिरीची वाटी आणते. मी मागितलं नाही. पोरीला दिसतं."

"ओली बाळंतीण आहे ती!" विनिताचा आवाज चिरकला. "तिच्या तोंडचं खाता? पुन्हा?"

पुन्हा, हा शब्द बाहेर पडला आणि दोघींनाही तो नीट ऐकू आला. सासूबाईंनी मुठीतल्या लाडवाकडं पाहिलं. "भूक लागली की नाही कळत गं, कुणाच्या तोंडचं ते."

"मग माझ्याकडं का नाही मागितलंत? मी समोर उभी असते रोज!"

"तू मागितलं होतंस?"

खाली सोसायटीच्या टाकीत पाणी पडत होतं. "मी वाट बघायचे," सासूबाई म्हणाल्या. "उंडे करायचे आणि म्हणायचे, आज तरी ही मागेल. माझ्या सासूनं मला मागायला लावलं, तेव्हा कुठं वाढलं. मला वाटलं, असंच असतं. एकदा मागितलं की झालं, मग घर सुनेचं. तू मेली ताठ्याची. मागितलंच नाहीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," विनिता हळूच म्हणाली. "मी उपाशी होते ते."

"न कळायला काय झालं? गुळाची ढेप कोण आणून ठेवत होतं?"

विनितानं खुर्चीची पाठ धरली. इतक्या वर्षांच्या रागात तिनं एक फट ठेवली होती, हे तिला आत्ता कळत होतं. बिचारीला ठाऊक नसेल, जुनी बाई, अडाणी बाई, सहाशे-बिहाशे तिला कोण सांगणार. अशी एक फट, वारा यायला. ती आता बंद झाली. माहीत होतं. मोरीतला नळ कशाला सुटतो, हेही माहीत होतं, आणि खाटेवर डोळे मिटून ही पडून राहत होती, वाट बघत. ताटासमोर उभी राहून वाट बघत होते मी, तशीच. तिला वाटलं, तो उरलेला लाडू हाताला झटका देऊन खाली भिरकावून द्यावा. हात उचललासुद्धा तिनं. आणि आत बाळ रडायला लागलं. भरल्या पोटाचं रडणं नव्हतं ते. आधी जोरात, मग दमून, मग नुसतीच कुरकुर. ते रडणं तिच्या ओळखीचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी दोन खोल्यांत ते तिनं रात्रंदिवस ऐकलं होतं.

"मम्मी," अनुष्कानं आतून हाक मारली, "येतच नाहीये गं नीट. काय करू?"

विनिता स्वयंपाकघरात गेली. काही विचार केला असं नाही. एवढंच दिसत होतं, की ही म्हातारी पोटभर जेवल्याशिवाय पोरीच्या ताटातलं पोरीच्या पोटात जाणार नाही. काय बाई हा हिशोब! हरले मी, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं परात दाणकन ओट्यावर ठेवली. सकाळची कणीक फ्रीजमध्ये होती. तिनं उंडे केले, लिंबाएवढे, आणि पोळ्या जाड लाटल्या, पदर सुटतील अशा. आधी अनुष्काचं ताट नेऊन ठेवलं आणि पोरीच्या समोर बसून शेवटचा घास तोंडात जाईपर्यंत हलली नाही. "आजीला मी वाढते," ती म्हणाली. "यापुढं तुझ्या ताटातला कण बाहेर जाता कामा नये." मग विनितानं गॅलरीतून सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि ओट्याजवळच्या टेबलाशी बसवलं. घट्ट वरण, भाजी, तुपानं माखलेल्या पोळ्या. "जेवा," ती म्हणाली. "मी माफ केलेलं नाही तुम्हाला. करणारही नाही. पण जेवा."

सासूबाई जेवल्या. खाली मान घालून, भराभर, पूर्वीसारख्या. विनिता तव्याशी पाठ करून उभी होती. पोळ्या संपल्या. आणि मागून आवाज आला, जरा घोगरा. "विनिता, अजून एक वाढ."

तिचा हात लाटण्यावर थांबला. हे ते वाक्य. किती महिने वाट पाहिली होती तिनं, आणि त्याआधी किती वर्षं! आनंद होईल असं वाटलं होतं. छाती भरून येईल, असं काहीतरी. तिनं परातीकडं पाहिलं. उंडे संपले होते. कडेला थोडं चिकटलेलं होतं, बोटांना थोडं. तिनं ते खरवडलं, गोळी केली, लाटली. तव्यावर टाकली तर टम्म फुगली मेली. तिनं ती चिमटीत उचलून सासूबाईंच्या ताटात टाकली आणि तिच्या तोंडून शब्द निघाले, अगदी मऊ आवाजात, "घरात तर असता. चानकी पुरे."

दारात अनुष्का उभी होती, खांद्यावर बाळ घेऊन. बाळ झोपलं होतं. "मम्मी!" ती म्हणाली. "असं काय बोलतेस तिला?" पोरगी तिच्याकडं अशी बघत होती, जशी या घरात विनिता दुसऱ्याच कुणाकडं बघत आली होती. हात पिठानं भरलेले, तवा तापलेला.

"बोलू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. मान वर केली नाही त्यांनी. "माझंच आहे ते." आणि त्यांनी चानकीचा तुकडा मोडून वरणात बुडवला, मग दुसरा, मग ताटातलं तूप निपटून शेवटचा, आणि हात धुवायला भिंत धरत धरत गेल्या.

अनुष्का बाळाला घेऊन आत गेली. विनितानं गॅस बंद केला आणि एकाएकी तिला भूक लागली. अशी कडकडून, की डोळ्यांपुढं अंधारी यावी. जूचंद्रला लागायची तशी. परात रिकामी होती. ओट्यावर काटा होता, तो तिनं बाजूला सारला. पिठाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि दोन्ही हात आत घालून, माप न घेता, ओंजळीनं पीठ परातीत घ्यायला लागली.